चौदा नंबरच्या दगडापाशी

२ जून १९७७
काल सांजच्याला घरी आले. राणीसावरगावला लेकीचं दुसरं बाळंतपण, पंधरा दिवस तिकडेच होते. नातू झाला. एसटी, मग आगगाडी, चुडाव्याला उतरून पायी. घरी हे अंगणात बसलेले, चूल थंड. बांधाचं कसं काय, विचारलं. म्हणाले, बांध जागेवरच हाय.

आज सकाळी फेरीला गेले. दोन वर्षं झाली, फेरी मीच करते. यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलंय, उजव्यात मोतीबिंदू पिकायलाय. नदीचा पूर अडवणाऱ्या बांधाचे सरकारी चौकीदार हे, चालते मी. सरकारी वहीत 'पाहणी केली' मी लिहिते आणि खाली यांची सहीपण मीच करते. तिथं लिहिता येत नाही ते ह्या वहीत.

बांधावर नंबराचे दगड रोवलेत, त्यातल्या दगड नं. १४ च्या पुढं वीस पावलांवर माती नवी दिसली. बांध आडवा चिरून पुन्हा बुजवलाय. नदीच्या अंगाला गवत सारून बघितलं तर लोखंडी पाइपाचं तोंड. दुसरं तोंड अलीकडं बापूरावदादांच्या शेतात. त्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, एकोणीस घरं. शंभर पावलंसुद्धा नाहीत.

३ जून
यांना विचारलं. म्हणाले, मला दिसलं न्हाई.
दिसलं नसेल, खरं आहे. पण चार माणसं दोन-तीन दिवस तरी खणत असतील, टिकाव वाजले असतील. कान तर शाबूत आहेत.
भाकरी अर्धी ठेवून उठले.

५ जून
आज आपणहून सांगितलं. दादांनी येऊन सरळ विचारलं होतं, नामदेव, इंजनाचा पाइप बांधातून घालू का. यांनी घाला म्हटलं.
मी म्हटलं, तुमाला कुणी अधिकार दिला?
तर म्हणाले, "दुष्काळात कुनाच्या हिरीचं पानी पेलो आपन? मी न्हाई कसं म्हनू?"

दुष्काळी कामावर हा बांध आम्हीच घातला. हे टिकावावर, मी टोपल्यावर. गावात आम्हाला वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. दादा एकटे म्हणाले, पोहरा घ्या, आपल्या हातानं शेंदा. वस्तीतली सगळी पोरं त्या पाण्यावर जगली.

९ जून
दादांकडं गेले. ओट्यावर बसवलं, चहा दिला. म्हणाले, मागच्या साली नदी समोर अन् केळी वाळली, डोळ्यांदेखत. धुम्मस मारून माती बसवलीय गयाबाई, काही हलत नाही.
खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटतंय. पण मी माती हातात घेऊन बघितली. काळी, ढेकळं तशीच. उन्हात भेगाळणार, पावसात फुगणार. बांधाला मुरूम लागतो, थराथरानं. त्यांना म्हटलं, दादा, पाऊस पडायच्या आत पुन्हा उकरून नीट भरा. बघू म्हणाले.

२२ जून
पाऊस लागला. फेरी दोन वेळ. द. ६ ला घुशीची तीन बिळं, दगड-माती ठासली. द. ११ ला बाभळीची रोपं उपटली. आत्ता बोटाएवढी आहेत, मुळं आत गेली की बांधाला वाट करून देतात. द. १४ ला काही नाही. बघू म्हणाले ते बघूच राहिलं.

४ जुलै
नदीला पहिलं पाणी. बांधाखालून नाला नदीत जातो त्या मोरीजवळची पाणी मोजायची पट्टी ९ फूट. मोरीचं दार खाली केलं, नाहीतर नदी उलटी गावात शिरते. हँडल फिरवायला मी, दाराचा आवाज ऐकून थांब म्हणायला हे. दुपारपर्यंत आत नाल्याचं पाणी तुंबलं, गावातली माणसं आली, दार उघडा म्हणून. हे म्हणाले, नदी उतरल्याबिगर न्हाई. पाच वाजता पट्टी ७, तेव्हा उघडलं.
द. १४ ला पायथ्याशी ओल. पाणी नितळ. सय्यदसाहेब म्हणजे आमचे ओव्हरसिअर, त्यांनी शिकवलंय: नितळ झिरपलं तर नुसती नजर ठेवायची, गढूळ आलं की आतली माती निघाली समजायचं.

१९ जुलै
पट्टी १२.
द. १४ ला गढूळ. ओंजळीत घेतलं, तळाशी रवा बसला. तासाभरानं परत नितळ झालं. पण आलं होतं.

२० जुलै
सरकारी वही काढली. लिहिलं तर पाइप कळणार. पाइप कळला तर साहेब येणार, यांना चार प्रश्न विचारणार, आणि डोळ्यांचं लपून राहणार नाही. नोकरी जाणार. नाही लिहिलं तर...
यांना वाचून दाखवलं. म्हटलं, तुमी सांगा.
मग म्हणाले, "आन हिकडं. सही मी करतो."
दोन वर्षांनी पहिल्यांदा. सही रेघ सोडून वर गेली, शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर. मी पुसलं नाही.

२ ऑगस्ट
सय्यदसाहेब आले. चुडाव्यापासून चिखलातून पायी. माणूस चांगला, छत्री मला दिली आणि स्वतः भिजले. पाइप बघितला, पहारीनं माती टोचून बघितली. मोरीवर आल्यावर यांना म्हणाले, नामदेव, पट्टी किती हाय सांगा.
हे पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. पाण्याचा आवाज ऐकत होते, त्यावरून सांगायला बघत होते. आठ म्हणाले. अकरा होती.
मीच बोलले. साहेब, दोन वर्षं झाली, फेरी मी करते.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, हे तुमी मला सांगायला नको होतं. आता मला लिहावं लागणार."
चहा घेतला नाही. जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवला.

१० ऑगस्ट
दोन कागद आले. एक यांना: कामावरून कमी, वही आणि हँडल नव्या चौकीदाराकडं द्यावं. एक दादांना: आठ दिवसांत पाइप काढून बांध पूर्ववत करावा.
पूर्ववत. आत्ता, भर पावसात.

११ ऑगस्ट
तशीच पूर्णेला गेले, ऑफिसात. सय्यदसाहेब दौऱ्यावर. कारकुनाला सांगितलं, पाइप आत्ता काढू नका, पोत्यांचा भराव देऊन दाबून ठेवा, दिवाळीनंतर उकरा. ओली माती बसत नाही. तो म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला. शिक्का मारून घेतला त्यानं.

१६ ऑगस्ट
पाइप निघाला. फुगलेल्या मातीनं धरला होता, म्हणून आधीपेक्षा दुप्पट खणलं. मी वर उभी होते. खड्ड्याच्या भिंतीत आम्ही घातलेले थर दिसत होते, मुरूम-माती, मुरूम-माती, भाकरीच्या चवडीसारखे. ते कापले. वरून चिखल भरला. धुम्मस मारली की चिखलातच रुतायची, दोघं मिळून उपसायचे.
दादा माझ्याकडं बघत नव्हते. हुकूम होता, त्यांनी पाळला. नाही पाळला असता तर बरं.

२१ ऑगस्ट
नवा चौकीदार पूर्णेत राहतो. ताडकळसच्या बाजाराला येतो तेव्हा इकडं चक्कर, आठवड्याच्या सह्या एकदम. हँडल त्याच्या घरी. मी फेरीवर होते तर म्हणाला, बाई, आता तुमचा काय संबंध?
संबंध नाही. फेरी केली. द. ६ ला घूस परत.

२९ ऑगस्ट
द. १४ चा भराव वीतभर खचला.
विहारात वर्षावासाचं वाचन झाल्यावर उभी राहिले. म्हटलं, गाठोडी बांधून ठेवा, पाणी वाढलं की शाळेच्या टेकाडावर जायचं. काहींनी मान हलवली. चुलत जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, पाइप होता तवा बांध उभा होता, तुझ्या लिवन्यानं फोडला.
कुणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही.
घरी येताना हे म्हणाले, ती खोटं बोलली न्हाई अन् तूबी खोटं लिवलं न्हाई. मग चुकलं कुठं, विचारलं.

६ सप्टेंबर
तीन दिवस झड. पट्टी १३. मोरीचं दार उघडं आणि हँडल पूर्णेत. नाल्यातून नदी उलटी शिरायला लागली. सरपंचाकडं गेले, ते म्हणाले माणूस पाठवतो. माणूस जाऊन येईपर्यंत वस्तीत पाणी शिरणार.
दादा आले, इंजनाचा मोठा पाना घेऊन. दोघांनी मिळून दांड्याला पाना लावून दार खाली आणलं. तास लागला. हाताची सालं निघाली.
बसल्यावर म्हणाले, "पाइप काढायला नको होता, न्हाई?"
मी म्हटलं, घालायलाच नको होता दादा.
त्यांनी मान हलवली.

१० सप्टेंबर
ऊन. पट्टी ८. गावात पोळ्याची गडबड, दुकानात गोंडे, बेगड. माणसं मला बघून हसायलीत, काय गयाबाई, गाठोडं सोडलं का.
हे म्हणाले, मला द. १४ ला ने. चपला काढून भरावावरून चालले, आडवे, उभे, परत आडवे. म्हटलं काय?
"दह्यावानी हलायलंय. वरची खपली वाळली, आत बसलंच न्हाई."
भरावाच्या भोवती चुन्याची रेघ ओढली. कशाला, कुणास ठाऊक. कुणी गाडी घालू नये म्हणून.

१२ सप्टेंबर
पहाटेपासून धो धो. सकाळी पट्टी ११, दुपारी १४, दिवे लागायच्या आत १६. वरतीकडं लय पाऊस आहे, असं स्टेशनवरून येणारे सांगत होते. सरपंचानं चुडाव्याहून ऑफिसला तार करायला माणूस पाठवला. बांधाचा माथा २२ ला आहे. पण पाणी माथ्यापर्यंत चढायची गरजच नाही. द. १४ तिथवर टिकणार नाही.
वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं. आज कुणी हसलं नाही. वस्तीतलं एक मूल मी उचललेलं, चुलत जावेनं ते आपणहून माझ्या हातातून घेतलं आणि शाळेकडं निघाली.

१३ सप्टेंबर, दुपार, शाळेचा व्हरांडा
हात चिखलाचा आहे, अक्षर लागणार नाही.

सकाळी पट्टी १८. उजाडताच गेले तर द. १४ च्या पायथ्याला पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. गढूळ. भोवती काळ्या मातीचं वर्तुळ साचलेलं. हे माझ्याआधीच तिथं, एकटे, काठी टेकत गेलेले. पायानं चाचपून सांगत होते, हितं एक तोंड, तितं दुसरं.

वस्तीतले चारजण त्या तोंडांत दगड-माती कोंबायला लागले. यांनी ओरडून थांबवलं. कोंबलं तर ते दुसरीकडून फुटतं. भोवती पोत्यांचं आळं करायचं, पाणी आळ्यात चढू द्यायचं. आतलं पाणी चढलं की जोर कमी होतो, माती निघायची थांबते. तेही सय्यदसाहेबांचंच. यांच्या एवढं लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं.

दादांनी गाडी आणली. पोळ्याचे बैल, खांद्याला कालचं हळद-तूप, शिंगं अर्धीच रंगवलेली. खताची पोती, धान्याची पोती, धान्य जमिनीवर ओतून रिकामी केलेली. वाळू भरून टाकली. दोन थर झाले. पाणी आळ्यात चढलं, थोडं निवळल्यासारखं वाटलं. मग शेजारी तिसरं तोंड फुटलं. पोती संपली.

नवा चौकीदार नाही. तारेचं उत्तर नाही. सय्यदसाहेब निघाले असतील तरी पूर्णेकडचा रस्ता पाण्याखाली आहे, असं सांगतात.

राहिलेली बायका-मुलं घेऊन मी वर आले. मोजली. एकोणीसपैकी सतरा घरं आली. म्हातारी चंद्रभागा येत नाही, तिचा मुलगा तिला सोडून येत नाही. ते एक घर. दुसरं आमचं. यांना म्हटलं चला, तर म्हणाले, "मला वर काय दिसनार हाय? हितं निदान पायाला कळतंय." दादा त्यांच्या बाजूला उभे होते, कमरेएवढ्या पाण्यात. दादा म्हणाले, मी हाय, तुमी जा. बैल सोडून दिले होते, गाडी तशीच पडलेली.

इथून द. १४ दिसत नाही, मधे चिंचा आहेत. बांधाचा माथा दिसतो. अजून सरळ आहे. पट्टी शेवटची बघितली तेव्हा १९ ला चार बोटं कमी.

नातवाचं नाव ठेवायला लेक पुढच्या आठवड्यात यायची होती. नको येऊ म्हणून पत्र टाकलं पाहिजे.

शाळेतल्या बाईंनी पोरांना खायला देतात त्या सुकडीची खोली उघडून दिली. रिकामी पोती आहेत, चाळीसेक, तिसऱ्या तोंडाला पुरतील. बांधून पाठीवर घेतली आहेत, ओझं काही नाही. ही वही बाईंकडं ठेवते. यांना आणायला जाते, असं सगळ्यांना सांगितलंय.