न हलणारा डाग

२ मार्च
ठरलं म्हणजे ठरलं. यंदा अरोराचा, म्हणजे रात्रीच्या आकाशात झुलणाऱ्या त्या रंगीत प्रकाशाचा, फोटो मीच काढणार. आमच्या हौशी आकाश मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी सेक्रेटरींचाच हिरवा पडदा भिंतीवर झळकतो आणि आम्ही खाली उभं राहून वा वा करतो. बास झालं. माझी पद्धत शास्त्रीय आहे. अरोरा येतो सूर्यावरच्या डागांमुळे. ज्याला डाग आधी दिसेल त्याला अरोरा आधी कळेल. बाकीच्यांनी रात्रभर मान वर करून कुडकुडत बसावं. मी दिवसाढवळ्या मुळावरच घाव घालणार.
बायकोने विचारलं, सूर्याकडे असं थेट बघतात का? मी म्हटलं, लेन्सला लावायचा काळा फिल्टर मागवलाय.

३ मार्च
फिल्टर मागवला.

५ मार्च, दुपारी
फिल्टरचा पत्ता नाही. पण ढग पातळ होते, म्हणजे निसर्गाचाच फिल्टर. गॅलरीतून मोठ्या लेन्समधून सूर्य बघितला. क्षणभरच. असं बरेचदा क्षणभर. काहीही झालं नाही. लोक उगाच बाऊ करतात.
एकाच डोळ्यावर विसंबणं अशास्त्रीय, म्हणून डाव्या डोळ्यानेही खात्री करून घेतली.

६ मार्च
सापडला! सूर्याच्या बरोब्बर मधोमध, काळपट, चांगला ऐसपैस डाग. ताबडतोब सेक्रेटरींना फोन. ते म्हणाले, फोटो पाठवा. पाठवला. म्हणाले, यात एक पांढरी बशी आहे, डाग कुठाय? जळतात, दुसरं काय.
संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दिव्यातही डाग दिसला. भिंतीवरच्या घड्याळातही. अभ्यास डोळ्यांत भिनला की असं होतंच.

९ मार्च
फिल्टर आला. बसवला. फिल्टरमधूनही डाग जसाच्या तसा. म्हणजे खरा.
सेक्रेटरी म्हणतात, सूर्य फिरतो, त्यामुळे डाग रोज थोडा थोडा सरकतो आणि शेवटी कडेला जाऊन दिसेनासा होतो. माझा सरकत नाही. मी सूर्याच्या डाव्या कडेला बघितलं की डाग डाव्या कडेला. उजवीकडे बघितलं की उजवीकडे. इतका आज्ञाधारक डाग विज्ञानाला अजून ठाऊक नसावा. त्याला माझं नाव द्यावं का, याचा विचार चालू आहे.
जरा भीती वाटली. पण मोठ्या शोधाच्या वेळी छातीत धडधडतंच.

११ मार्च
आज सूर्य ढगात. डाग नाही ढगात. तो समोरच्या बिल्डिंगवर होता.
याचा अर्थ डागाची शक्ती पृथ्वीपर्यंत पोचली. सूर्याचं महावादळ येणार. वीज जाणार, फोन बंद, पाणी बंद. हे फक्त मला माहीत आहे आणि मी अजिबात घाबरलेलो नाही. मेणबत्त्या आणल्या. बादल्या, पातेली, मुलीचा लहानपणचा टब, सगळं भरून ठेवलं. घरात कोणीही लिफ्टने जायचं नाही असा नियम केला. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. बायकोने भाजीची पिशवी तिसऱ्या मजल्यावर ठेवली आणि खालूनच ओरडून विचारलं, डोकं फिरलंय का तुमचं? दूरदृष्टी असलेल्या माणसाने शांत राहावं.

१२ मार्च
काळजीपोटी फ्रिजचा प्लग काढून ठेवला होता. दूध नासलं. बायको एवढं बोलली की महावादळ ते हेच, असं वाटून गेलं.

१६ मार्च
ऑफिसात कटकट. आमचा लेबल छापायचा कारखाना. औषधाच्या बाटल्या, मलमांच्या डब्या, फिनेल, सगळ्यांची लेबलं मी तपासतो आणि मी सही केल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. इतकी वर्षं एक वेलांटी सुटली नाही माझ्या नजरेतून.
आज अक्षरं नीट बसत नव्हती. शब्दाकडे बघितलं की मधलं अक्षर गायब, शेजारच्यांकडे बघितलं की तेवढ्यात ती गायब, मधलं परत हजर. शाई निकृष्ट आली असणार. स्टोअरला तक्रार लिहिली.
अंदाजाने वाचतोय. अनुभवी माणसाला पुरतं तेवढं.

१९ मार्च
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सांधेदुखीच्या मलमाचं लेबल. म्हणाले, वाचा. मी वाचलं, फक्त बाहेरून लावण्यासाठी, पोटात घेऊ नये. म्हणाले, परत वाचा. परत तेच वाचलं. मग त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. पोटात घेऊ ये.
‘नये’मधला ‘न’ छापलाच नव्हता. मालकांनी विचारलं, मलम खायला लोकांना हाका मारताय का? मशीनवरच्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून माल बाहेर गेला नाही, नाहीतर कोणीतरी जिवाला मुकलं असतं. मी म्हटलं, सौरवादळाचा छपाईवर परिणाम होतोय. त्यांनी लेबल खणात टाकलं. मग म्हणाले, थोडे दिवस घरी बसा, डोळे तपासा आणि चिठ्ठी घेऊनच या. चिठ्ठी नसेल तर येऊ नका.
एका अक्षरासाठी! डोळ्यांचा काय संबंध? वादळाच्या तयारीला सुट्टी मिळाली, हे बरंच झालं म्हणायचं.
बसमध्ये हातपाय गार पडले होते. हवा गार असेल.

२२ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं बायकोने तीनदा काढलं. मी म्हटलं, उद्या. त्यांच्याकडे काय होणार? ते बल्बकडे बघायला लावतील. मी सूर्याकडे बघणारा माणूस.
खरं सांगायचं तर, ते काय सांगतील ते मला ऐकायचं नाही. हे वाक्य खोडायचं आहे. पेन बरोबर जागेवर लागत नाही, म्हणून राहू देतो.

२५ मार्च, पहाटे
झोप नाही. काल जेवताना बायकोच्या तोंडाकडे बघितलं तर तिथे डाग. केस दिसतात, खांदे दिसतात, गळ्यातली चेन दिसते. मध्ये काही नाही. बोलण्याचा आवाज त्या काही नाहीमधून येत होता. पाणी पितो म्हणून उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसलो.
मानवजातीची काळजी वाटते, दुसरं काही नाही.

२८ मार्च, संध्याकाळी पाच
विजय! सेक्रेटरींचा स्वतःहून फोन. परवा सूर्यावर मोठा स्फोट झालाय, आज अंधार पडताच अरोरा आपल्या डोक्यावर दिसणार, सगळ्यांनी तयार राहा. म्हटलं नव्हतं मी? म्हटलं नव्हतं? बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईंनाही सांगितलं. (लिफ्टचा नियम आजपुरता शिथिल.) कॅमेरा चार्ज. ट्रायपॉड गच्चीवर. फोटो ठरलेला आहे, वर तांबडा, खाली हिरवा. प्रदर्शनातली भिंतसुद्धा मनात ठरली आहे.

त्याच दिवशी, रात्री
आला. सगळी बिल्डिंग गच्चीवर होती. लोक अगं बाई, अरे देवा करत होते, कोणी टाळ्या वाजवत होतं, एक म्हातारे गृहस्थ चक्क रडत होते.
मी वर बघितलं. कडेकडेने काहीतरी हललं. हिरवं असावं. तिकडे नजर वळवली, तर पुसलं गेलं. दुसरीकडे वळवली, तिथलंही पुसलं गेलं. जिथे बघेन तिथे राखाडी भोक, आणि आजूबाजूला सगळे ओरडतायत, ते बघा, ते बघा.
मुलीने विचारलं, बाबा, तो लाल खांब बघितलास? मी म्हटलं, बघितला, अप्रतिम आहे. ती म्हणाली, बाबा, तू पाण्याच्या टाकीकडे बघतोयस.
फोकस लागेना. तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला.
जिन्यात बायकोचा हात धरला आणि सांगून टाकलं. मला भीती वाटतेय. वादळाची नाही. तिने एकेक पायरी सांगत मला खाली आणलं.

३० मार्च
मार्करने मोठ्या अक्षरात लिहितोय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, मशीनला हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्याच्या आतला फोटो काढला. मग तो भिंतीएवढ्या स्क्रीनवर लावला आणि म्हणाले, कडेने बघा. बघितलं. केशरी गोल, आणि बरोब्बर मधोमध डाग. तोच. फोकस इतका अचूक की माझ्या अख्ख्या आयुष्यात असा फोटो निघाला नाही. दुसऱ्या डोळ्याचाही तसाच. डोळ्याचा पडदा भाजलाय, म्हणाले. दोन्हीकडे. दुसरा कशाला भाजलात, असंही विचारलं. खात्रीसाठी, असं मी सांगितलं. त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं.
औषध नाही. काही महिन्यांत थोडं भरून येईल, कदाचित बरंच येईल, कदाचित नाही. तपासनिसाचं काम सध्या विसरा. मी विचारलं, डाग सरकेल का? नाही म्हणाले.
निघताना त्यांनी एक युक्ती शिकवली. चेहरा बघायचा असेल तर चेहऱ्याकडे बघायचं नाही, कानाकडे बघायचं. म्हणजे चेहरा कडेला दिसतो.
घरी आल्यावर बायकोला समोर खुर्चीत बसवलं आणि तिच्या कानाकडे बघितलं. दिसली. डोळे सुजलेले, नाक लाल, आजचं नव्हतं ते रडणं. इतके दिवस तिचं नाक ओढणं ऐकून मी तिला सर्दीची गोळी घे म्हणून सांगत होतो.