गावाची गाडी

अण्णा, काल ग्रामसभेत घरपट्टी वाढवायच्या बाजूने मी हात वर केला. तुम्ही असतात तर सगळ्यांदेखत मागे वळून माझ्याकडे पाहिलं असतंत, हे हात वर करतानाच मला कळत होतं.

तुमची वडापची जीप माणशी भाडं घेऊन गाव ते घोडेगाव धावायची. सकाळची एसटीची लाल गाडी यायच्या जरा आधी तुम्ही पारापाशी जीप लावायचात आणि सवाऱ्या भरून निघायचात. अकरावीला मला मुलींचा मोफत पास मिळाला आणि मी घरची जीप सोडून सरकारी गाडीने कॉलेजला जाऊ लागले. त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात ते घुश्श्यातच. आई भाकरी थापत होती. तुम्ही म्हणालात, "फुकट म्हंजी काय गं? मी डिझेल टाकतो, त्याच्यात कर हाय. त्या करातनं तुझी गाडी चालती आन् माझ्याच सवाऱ्या पळवती." मी म्हणाले, "तुमची जीप ज्या रस्त्यावर पळते, तो कोणी केला?" तुमचा घास हातातच राहिला. "रस्ता करावा, पोलिस ठेवावा. बाकीचं आमचं आमी बघतो," असं म्हणून तुम्ही पुन्हा जेवायला लागलात. आईने तुमच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली. तुम्ही तीही खाल्लीत.

तुमचं सगळंच चुकत होतं असं मी तेव्हाही म्हणत नव्हते. शेजारची सून बाळंतपणाला अडली तेव्हा अँब्युलन्सची वाट बघून सगळे थकले होते. तुम्ही बाजाराच्या सवाऱ्या खाली उतरवल्यात, जीपमध्ये गोधडी अंथरलीत आणि तिला घेऊन निघालात. तिचा नवरा नंतर पैसे द्यायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवलंत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "सरकारच्या भरवशावर ऱ्हायलो आस्तो तर?" पण त्या दिवशी तुमची जीप पंक्चर असती तर, असं मात्र आजही मनात येतं.

पुढे तुमच्या किडन्या गेल्या. खासगी दवाखान्यात काही महिने निघाले, जीप विकली गेली, आणि शेवटी तुम्ही एका सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात येऊन पडलात. अजून डोळ्यांसमोर आहे: मी उशाशी बसलेली आहे. तुम्ही कितीतरी वेळ इकडून तिकडे धावणाऱ्या नर्सकडे बघताय. "एवढ्या वॉर्डाला ही पोरगी एकलीच हाय गं," तुम्ही म्हणता. मी म्हणते, "आणखी नर्सेस ठेवायच्या तर पैसा कुठून आणायचा, अण्णा?" तुम्ही डोळे मिटता. मला वाटतं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणता, "घ्यावा कर. पन घेत्यात ते कुठं जातं, त्ये आमाला दिसाया नगं का?" आपल्या दोघांचं इतकं जवळ आलेलं बोलणं मला दुसरं आठवत नाही.

आता लाल गाडी आपल्या गावात येत नाही. सवारी पुरत नाही, असं सांगतात. ज्याच्या-त्याच्या दारात मोटरसायकल आली, तसं वडापही संपलं. राहिल्या त्या पोरी आणि म्हातारी माणसं. यंदा दोघी जणींनी बारावी अर्धवट सोडली. म्हणून पंचायतीने ठराव मांडला, की घरपट्टी थोडी वाढवायची आणि गावाने एक गाडी लावायची. तुमचा जुना जोडीदार, तोही वडापवालाच, उठून म्हणाला, "ज्याला जायचंय त्यानं भाडं भरावं. माझ्या घरात कुनी कॉलेजात न्हाई, मी का भरू?" मी, गावच्या शाळेतली शिक्षिका, बोलायला उभी राहिले तर मागून आवाज आला, "बाई, तुमचा पगारबी आमच्याच खिशातनं जातो." खोटं नव्हतं ते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका विधवा म्हातारीने, जिचे डोळे तपासायला न्यायला कोणी नाही, तोंड उघडलं. "मी भाडं द्याला तयार हाय, बाबा. पर गाडी कुठंय?"

मग मी एवढंच म्हणाले, की गाडीवर काय खर्च झाला ते दर महिन्याला सभेत मोठ्याने वाचलं जाणार असेल, तरच माझा हात वर. ही अट तुमची होती, पण ते मी तिथे सांगितलं नाही. ठराव थोडक्या मतांनी पास झाला. तुमच्या जोडीदाराने शेवटपर्यंत हात वर केला नाही. जाताना मात्र मला म्हणाला, "ड्रायव्हर चांगला बघा. रस्ता वाईट हाय."

गाडी चालेल की वर्षभरात शेडमध्ये गंजत पडेल, मला माहीत नाही. तुम्हाला नको होतं तेच व्हायचीही भीती आहे: पट्टी वाढलेली आणि गाडी उभी.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. एक कबूल करते, अण्णा. काल ठराव पास झाल्यावर पुष्कळांनी माझं अभिनंदन केलं आणि मला घरी येऊन रडू आलं. तुम्ही गेल्यापासून माझ्याशी मनापासून भांडणारं कुणी उरलेलं नाही.