दादाच्या रक्तातला आकडा

३ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या गळ्याचं ऑपरेशन बावीस तारखेला ठरल्याचं वहिनीने कळवलं. त्याआधी हे पत्र नीट वाच, शिलाई मशीनच्या खणात कोंबू नकोस.

आमच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. माझाही थायरॉइडचा आकडा तुझ्यासारखाच चढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, हात पुढे करायला लावले आणि म्हणाल्या की आजारी आहे तो आकडा, बाई ठणठणीत आहेत. मग त्यांनी जनुकांची तपासणी करवली. माझ्या रक्तातलं एक प्रथिन थायरॉइडचं संप्रेरक जरा जास्तच धरून ठेवतं, म्हणून यंत्राला ते ढीगभर दिसतं. शरीराला काही त्रास नाही. हे आईवडिलांकडून येतं, त्यामुळे तुझ्यातही असू शकेल. असलं, तर गळा कापायचं कारणच नाही. चमचाभर रक्त दे, एवढंच मागते.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी छोटी (वय अठ्ठेचाळीस)

९ जून

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

पत्र खणात कोंबलं नाही. गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात राहिलं, कोट त्याच्या घरी गेला. तुझं रक्त आता त्याच्या बायकोलाही ठाऊक आहे.

मी तपासणी करणार नाही. सुईवर पोट भरणारा माणूस सुईला घाबरतो म्हणून हसशील, तर हस. पण खरं कारण वेगळं. बाबांचाही आकडा असाच होता. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढची सोळा वर्षं ते कुजबुजत बोलले. त्यांना राजी मीच केलं होतं. ते उगाचच झालं, हे मला आता ऐकायचं नाही.

राग धरू नकोस.
दादा

१२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तेव्हा ही तपासणी कुणाला माहीत होती? तू चोवीस वर्षांचा होतास, डॉक्टरांनी सांगितलं ते केलंस. पोराने मला एकट्याला जाऊ दिलं नाही, असं बाबा मला कितीदा म्हणाले. तुझ्यावर राग असता तर त्यांनी तो कुजबुजत का होईना, पण ऐकवलाच असता. तुला माहीत आहेत ते.

उद्याच रक्त दे. माया आहे म्हणूनच हुकूम करते.
छोटी

२४ जून

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

यांना लिहायला लाज वाटते, म्हणून मी लिहिते. तुमचं दुसरं पत्र वाचून हे बराच वेळ कापडाला पाठ करून बसले, मग उठून चपला घातल्या. रक्त घेताना डोळे मिटून नर्सबाईंच्या बाहीची शिवण कशी चुकली ते सांगत होते. परवा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच, निकाल आला. तुमच्यात आहे तेच यांच्यातही आहे. ऑपरेशन रद्द. डॉक्टरांनी आमच्या मुलीचीही तपासणी करायला सांगितली आहे.

एक पंचाईत मात्र झाली. दोन वर्षं दुकानात आरडाओरडा केला की हे थायरॉइडकडे बोट दाखवायचे, आणि आम्ही ऐकून घ्यायचो. काल एका गिऱ्हाइकाला विजारीवरून नको ते बोलले. तो निघून गेल्यावर गळ्याकडे बोट नेलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मग गळ्यात टेप तसाच ठेवून त्याच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि चुकलं म्हणाले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तोच गृहस्थ संध्याकाळी मला हळूच विचारून गेला, शेठची तब्येत फारच बिघडली का.

आमच्यावरची माया अशीच राहू द्या.
तुमची वहिनी