काखेतली नळी

ताई,

भर उन्हाळ्यातही मोजे घालते म्हणून तू मला हसायचीस. ते नखरे नव्हते गं. क्रायोग्लोब्युलिनेमिया म्हणतात त्याला. गारठ्यात रक्तातली प्रथिनं साकळतात आणि पायांवर लाल ठिपके उठतात. दोनदा तपासणीत काहीच निघालं नाही, कारण रक्ताची नळी वाटेतच गार झाली आणि ती प्रथिनं तपासणीआधीच साकळून गुठळीसोबत फेकली गेली. तिसऱ्यांदा लॅबवाल्या बाई ती काखेत धरून पळाल्या, तेव्हा कुठे चोर सापडला. मूळ कारण हिपॅटायटिस सी. बारा आठवडे गोळ्या घेतल्या. कालच्या रिपोर्टात विषाणू नाही, पायांवर ठिपकेही नाहीत.

हे पत्र टाकत नाही, उद्या मीच घेऊन येते. लहानपणी बर्फात हात बुडवून माझ्या मानेवर ठेवायचीस ना? वाचून झालं की बर्फ काढ, आता खुशाल ठेव.

तुझी,
अनवाणी बहीण