होम प्लेटवरचा नारळ

एश्बॉर्न,
मे महिन्याचा शेवटचा रविवार

तीर्थरूप आप्पांना मयुरेशचा वाकून नमस्कार. आईंनाही तो सांगावा. (टपाल त्याच घेतात आणि उभ्या उभ्या वाचूनही टाकतात, हे मला शुभदाने सांगितलं आहे. तेव्हा आई, आधी तुम्हाला नमस्कार आणि मग आप्पांना.)

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना दिवसातून एकदाच चढायला सांगितला होता. तुम्ही तो सकाळी एकदा चढता आणि दुपारी एकदा उतरता, म्हणजे नियम मोडत नाही, असा तुमचा हिशेब आईंनी फोनवर सांगितला. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. अन्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. परवा तिला 'आजोबांना पत्रात काय लिहू?' असं विचारलं, तर 'ग्रूस' म्हणाली. म्हणजे नमस्कार. तोही लिहिला.

आता पत्राचं कारण. तुम्ही दर रविवारी फोनवर मला विचारता, "शुभदा दिवसभर काय करते हो तिकडे?" आणि मी दर रविवारी "बरं चाललंय" म्हणून फोन तिच्या हातात देतो. हे उत्तर नाही, हे तुम्हालाही कळतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पुण्यात विमा कंपनीत आठ वर्षं काढलेली तुमची मुलगी दोन वर्षं इथे अर्ज पाठवते आहे, आणि प्रत्येक उत्तरात पहिल्याच ओळीत 'लायडर' हा शब्द असतो. लायडर म्हणजे 'खेद आहे की'. भाषेची परीक्षा दोनदा हुकली. दुसऱ्या खेपेनंतर तिने जर्मनची पुस्तकं कपाटावर ठेवली, तीही अशी की स्टूल घेतल्याशिवाय हात पोहोचू नये. हे सगळं फोनवर कसं सांगणार? ती शेजारीच बसलेली असते. म्हणून लिहितो आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्यासाठी मला एप्रिलमधल्या एका सहलीपासून सुरुवात करावी लागेल.

सहल दत्ताने काढली. दत्ता म्हणजे माझ्या ऑफिसातला, इचलकरंजीचा. त्याला कुठेही जायचं झालं की चार माणसं, तीन डबे आणि एक छापील वेळापत्रक लागतं. ग्रुनफेल्डन नावाच्या गावात एक जुनं बेसबॉलचं मैदान आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी बांधलेलं, असं त्याने कुठेतरी वाचलं. आपण क्रिकेटवाली माणसं, बेसबॉल पाहणं म्हणजे चुलतभावाच्या घरी जाऊन येण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. सोबत सुगत आला. हा मूळचा नागपूरचा, कोलोनला संशोधन करतो. त्याची पीएच.डी. रबरावर आहे. (ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवतो आहे.) शुभदा यायला तयार नव्हती. डबे भरून देते, तुम्ही जा, म्हणाली. शेवटी अन्वीने तिचे बूट आणून दारात ठेवले, तेव्हा निघाली.

प्रवासाचं काय सांगू? वेळापत्रकात दोन गाड्या होत्या, प्रत्यक्षात तीन गाड्या आणि रेल्वेऐवजी सोडलेली एक बस निघाली. त्या बसला स्टेशन सापडत नव्हतं आणि आम्हाला ती बस. तरी अकरा वाजता पोहोचलो, आणि आप्पा, मैदान पाहून फाटकातच थांबलो. आपलं मैदान गोल किंवा लांबट, मधे पीच. हे मैदान पंख्यासारखं. एका कोपऱ्यातून उघडत जातं. त्या कोपऱ्यामागे लाकडी बाकांच्या चढत्या ओळी, हिरवा रंग पोपडे धरलेला, आणि बाकांवर चाकूने कोरलेली नावं: कुणी ओहायोचा, कुणी टेक्ससचा. धावफलक पत्र्याचा, आकडे हाताने अडकवायचे. नऊचा पत्रा हरवला आहे म्हणून सहा उलटा टांगतात. क्लबच्या चिटणीस फ्राउ झेलर (वय सत्तरच्या पुढे, आवाज विशीतला) आम्हाला फिरवत होत्या. त्यांची आई त्या शिपायांचे कपडे धुवायची आणि त्यांनी आयुष्यातलं पहिलं च्युइंगम याच बाकावर खाल्लं. कुठल्या बाकावर, तेही दाखवलं. सुगत त्या नावांवरून बोट फिरवत ओळीमागून ओळ वाचत सुटला.

क्लबचं नाव ग्रुनफेल्डन हॅम्स्टर्स. (हसू नका. पाहुण्या संघाचं नाव बॅजर्स होतं.) तो त्यांच्या मोसमातला पहिला सामना. हे ऐकल्याबरोबर दत्ताने पिशवीतून नारळ काढला. इचलकरंजीला मोसमाचा पहिला चेंडू पडण्याआधी पीचवर नारळ फुटतो, आणि कुठल्याही नव्या मैदानाला रिकाम्या हाताने भेटू नये, असं त्याचं मत आहे. फ्राउ झेलरनी नारळ हातात घेऊन पाहिला, हलवून पाहिला, मग फाटकावरच्या नियमांच्या पाटीपाशी जाऊन ती पूर्ण वाचली. बाटल्यांना मनाई होती, कुत्र्यांना मनाई होती. नारळाचा उल्लेख नव्हता. "आल्झो," म्हणाल्या, "बिट्टे." म्हणजे 'बरं, होऊ द्या'. मात्र करवंटीचे तुकडे गवतात राहता कामा नयेत.

फलंदाज जिथे उभा राहतो तिथे जमिनीत एक पांढरी पाच कोनांची फरशी बसवलेली असते. तिला होम प्लेट म्हणतात. दत्ताला ती संगमरवरी वाटली. मलाही वाटली. त्याने चप्पल काढली, डोळे मिटले, आणि दोन्ही हातांनी नारळ त्या फरशीवर मनापासून आपटला.

फरशी रबराची असते, आप्पा. दर्जेदार, जाड, टणक रबराची. आणि जगात ज्या माणसाने ते लांबून ओळखलं असतं तो दहा पावलांवर ओहायोची नावं वाचत होता. नारळ दत्ताच्या कानाजवळून वर गेला, मागच्या जाळीवर आदळला आणि गडगडत बाकांमधल्या जिन्याच्या पायथ्याशी गेला. त्याच क्षणी त्या जिन्यावरून हेर विटिग (हेर म्हणजे इकडचं 'श्रीयुत') उतरत होते, डाव्या हातात कॉफी, काखेत स्कोअरबुक. ते पडले. पडताना त्यांनी कॉफी सांडू दिली नाही आणि पुस्तक मळू दिलं नाही. सगळा भार घेतला उजव्या मनगटाने. मोडलं नाही, पण पाच मिनिटांत वांग्याएवढं सुजलं.

हेर विटिग हे क्लबचे स्कोअरर. निवृत्त भूमापक, एकतीस वर्षं एकही सामना न चुकवलेले. यजमान क्लबने स्कोअरर द्यायचा, असा इकडचा नियम आहे. स्कोअरशीट नाही तर सामना नाही, आणि सामना नाही तर यजमान हरले. मोसमाची सुरुवात अशी झाली तर नगरपालिकेतली जी मंडळी या मैदानाकडे पार्किंग म्हणून पाहतात त्यांना आयतं निमित्त मिळेल, हे फ्राउ झेलरनी आम्हाला अगदी शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दत्ता नारळ पाठीमागे धरून उभा होता. पंचाने घड्याळ पाहिलं.

आणि शुभदा माझ्या शेजारून उठली. "अन्वी," ती म्हणाली, "त्यांना विचार, पेन्सिल कुठली वापरतात."

"मामा, नाईन!" अन्वी म्हणाली. (मामा म्हणजे इकडे आई, आणि नाईन म्हणजे 'नको'. आईला बेसबॉल येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.)

"विचार म्हटलं ना."

तुमच्या मैदानावर वयाच्या दहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत स्कोअररच्या टेबलाशी तुमच्या शेजारी बसून तिने क्रिकेटची किती स्कोअरबुकं भरली, हे मला फक्त ऐकून माहीत होतं. त्या दिवशी पाहिलं. हेर विटिग मनगटावर बर्फ धरून डावीकडे, अन्वी दुभाषी म्हणून उजवीकडे. पहिल्या दहा मिनिटांत तिने खेळ समजून घेतला नाही, वही समजून घेतली. प्रत्येक खेळाडूला त्याच्या जागेचा क्रमांक असतो: बॉलर एक, त्याच्यासमोरचा कीपर दोन, असे नऊ. चेंडू सहाने अडवून चारला दिला, चारने तीनला, तर लिहायचं सहा-चार-तीन. प्रत्येक फलंदाजाचा एक चौकोन, त्यात शंकरपाळीसारखी आकृती, जेवढा तो पळाला तेवढ्या बाजू गडद करायच्या. ओव्हर नाहीत, डाव मात्र नऊ. चेंडू मारलाच पाहिजे असं नाही, उलट काही चेंडू सोडण्यातच शहाणपण. आणि बॉलरचं लक्ष नसताना पुढच्या ठाण्यावर, म्हणजे बेसवर, पळणं याला अधिकृतपणे चोरी म्हणतात, तिचीही नोंद करतात. (चोराच्या खात्यात मान म्हणून.) तिसऱ्या डावानंतर हेर विटिग सूचना देईनासे झाले. पाचव्यानंतर नुसतं "गेनाऊ" म्हणत होते. म्हणजे 'बरोबर'. सातव्यात त्यांनी डोळे मिटून कॉफी प्यायली.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षक एकदम उठून उभे राहिले. दत्ताने ताबडतोब सावधान होऊन छाती काढली आणि हात पाय झटकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे इतक्या कडक नजरेने पाहिलं की तो बिचारा थांबला. राष्ट्रगीत वगैरे नव्हतं. लोक फक्त आळोखेपिळोखे देत होते. तशी प्रथा आहे.

त्यानंतर, शेवटच्या डावात, मुख्य गोष्ट घडली. हॅम्स्टर्स एका धावेने मागे होते आणि त्यांचा आणखी एकच जण बाद झाला की सामना संपणार होता. त्यांचे दोन खेळाडू ठाण्यांवर उभे, आणि बॅट घेऊन आला एक धिप्पाड तरुण. शुभदाची पेन्सिल थांबली. यादीप्रमाणे पाळी सहाव्याची होती, आला होता सातवा. तिच्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या दत्तालाही ते दिसलं. "अगं शुभदा, हा नाही, आधी तो…" एवढं त्याच्या तोंडातून निघतंय तोवर तिने त्याच्या पावलावर टाच ठेवली. नुसती ठेवली नाही, तिथेच दाबून धरली. त्या धिप्पाडाने चेंडू कुंपणापर्यंत मारला, दोघं धावून आले, बाकं नाचली, फ्राउ झेलरनी मला मिठी मारली. मग बॅजर्सचा प्रशिक्षक पाळी चुकल्याची तक्रार घेऊन सावकाश चालत पंचाकडे गेला. पंच आमच्या टेबलापाशी आला. शुभदाने वही त्याच्याकडे फिरवली आणि त्या रेघेवर पेन्सिल टेकवली.

दोन्ही धावा रद्द. ज्याची पाळी होती तो बाद. हॅम्स्टर्स त्याच एका धावेने हरले.

आम्ही डबे आवरायला लागलो. एका दिवसात माणसाचं मनगट आणि क्लबचा सामना, दोन्ही गेलं होतं, जेवायला थांबावं असं तोंड नव्हतं. तेवढ्यात हेर विटिग शुभदापुढे येऊन उभे राहिले. पाळी चुकल्याचं तुम्हाला चेंडू पडायच्या आधी दिसलं होतं का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. "मग गप्प का राहिलात?" ते म्हणाले. "पाळी चुकली तर स्कोअररने कुणालाही सांगायचं नाही, हा नियम आहे, पण तो मी तुम्हाला सांगितलाच नव्हता." शुभदाने अन्वीकडे पाहिलं, अन्वीने तोंड उघडलं, आणि शुभदाने तिला हाताने थांबवून स्वतः जर्मनमध्ये सांगितलं. व्याकरणाने दोन ठिकाणी मार खाल्ला असेल. "माझे वडील म्हणतात, स्कोअरर ओरडत नाही. स्कोअरर लिहितो."

हेर विटिगनी डावा हात पुढे केला. फ्राउ झेलरनी बटाट्याची भाजी ठेवायला जागा करून दिली आणि मोसमाच्या उरलेल्या सामन्यांची यादी आणली.

तर आप्पा, शुभदा दिवसभर काय करते? स्टुलावर चढून तिने पुस्तकं खाली काढली. स्कोअररचा एक दिवसाचा कोर्स असतो, लेखी परीक्षेसकट, सगळं जर्मनमध्ये. पंधरा दिवसांपूर्वी ती त्यात पास झाली: चाळीसपैकी अडतीस. (एका प्रश्नावर तिचं परीक्षकाशी मतभेदाचं पत्र चालू आहे.) भाषेच्या परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला आहे. पगार नाही, नोकरी अजून नाही, 'लायडर' अजून येतं. पण परवाचं 'लायडर' तिने मला वाचून दाखवलं आणि त्यातली एक चूक काढली.

आईंना आणि तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचा,
मयुरेश

ता. क. एक विनंती आहे, आणि खरं तर तीच लिहायला बसलो होतो. ऑगस्टच्या चौथ्या रविवारी तुमची पंच्याहत्तरी ठरली आहे. त्याच रविवारी हॅम्स्टर्सचा सामना आहे, आणि क्लबच्या यादीत त्या तारखेसमोर स्कोअरर म्हणून मी शुभदाचं नाव पाहिलं. तेव्हापासून ती गप्प गप्प आहे. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होणार नाही. समारंभ एक आठवडा पुढे ढकलता येईल का? हॉलवाल्याशी मी बोलतो.

ता. क. २. हे मी तिच्या नकळत लिहिलं आहे. पाकीट पक्कं चिकटवून तिच्याकडेच देतो आहे, कारण टपाल कार्यालय तिच्या जर्मन क्लासच्या वाटेवर आहे. कृपया फोनवर विषय काढू नये.

ता. क. ३. आप्पा, मी शुभदा. पाकिटाचा डिंक चहाच्या वाफेला दोन मिनिटं टिकला. तारीख बदलू नका. अन्वी आणि मी पंच्याहत्तरीला येतो आहोत, तिकिटं काढली आहेत. यादीतलं माझं नाव मी मंगळवारीच खोडलं आणि तिथे मयुरेशचं घातलं. जूनच्या कोर्सलाही त्याचं नाव दिलं आहे. गप्प होते ती हे त्याला कसं सांगावं याच विचारात. त्याने भरलेल्या शीटचा फोटो समारंभात तुमच्या फोनवर येईल. केक कापण्याआधी तेवढं तपासून द्या.