परत आलेला पेला

आई, मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू छत्तीस वर्षांपूर्वीच निघून गेलीस, त्यामुळे आता हे कागदावरच करावं लागणार. गेल्या आठवड्यात आमचे पाळकसाहेब घरी आले होते. पोरगेलेसेच आहेत, माझ्या नातवाहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. येत्या बुधवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून प्रार्थना करायला आले. चहा घेतला, बिस्कीट बुडवलं आणि जाता जाता म्हणाले, "आजी, उद्या काही बरंवाईट झालं, तर प्रभूकडे जाणार याची खात्री आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "आहे की. नसायला काय झालं?" इतक्या झटकन म्हटलं की सून चमकून बघायला लागली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भाजी निवडायला घेते आणि अर्धी टाकून उठते. बाल्कनीत जाते, खराडीच्या त्या काचेच्या इमारतींकडे बघते, परत आत येते. सत्तरी उलटलेली बाई मी, जन्मभर शाळेत पोरींना खोटं बोलू नका म्हणून पट्टी दाखवली, आणि पाळकांना तोंडावर थाप मारली.

आणि थाप मारल्या मारल्या मला आठवलं काय, तर नाना पेठेतलं आपलं स्वयंपाकघर. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, प्रभूच्या आठवणीचा भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला घोट, आणि तू शुक्रवारीच मंडईतून आणलेल्या काळ्या मनुका भिजत घालायचीस. आपल्या मंडळीत वाइन चालत नसे. मनुकांचा रस लागायचा, आणि तो तुझ्याच हातचा. दिवसभर बोर्डिंगातल्या ऐंशी पोरींचा स्वयंपाक करून यायचीस, तरी हे काम कुणाला देत नव्हतीस. शनिवारी कल्हईच्या पातेल्यात रस उकळतो आहे, मी येता-जाता बोट बुडवायला बघते आहे, आणि तू पळीने माझा हात उडवतेस. "अगं, दम धर की! देवाचं आहे ते." रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत तू तो रस इवल्या इवल्या काचेच्या पेल्यांत भरायचीस. तबक बाकांमधून फिरायचं, ज्याने त्याने आपला पेला उचलायचा. मग रिकामे पेले मागे यायचे आणि तू ते विसळायचीस. उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, पेरूच्या बुंध्याशी ओतायचा, हा तुझा नियम. तो कुणी मोडला की तू दिवसभर धुसफुसायचीस.

मी सोळा वर्षांची असताना बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, त्यांच्या सभेला मी गेले. शेवटी ते म्हणाले, ज्यांना आपल्या तारणाची, म्हणजे मेल्यावर प्रभूकडे जाण्याची, खात्री आहे त्यांनी उभं राहावं. माझी मैत्रीण उभी राहिली. तिच्या शेजारी आपण बसून राहिलो तर कसं दिसेल, म्हणून मीही उभी राहिले. एवढंच. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी पोचेपर्यंत मी हवेत गेले होते. तू कणीक मळत होतीस. मी दारातूनच विचारलं, "आई, तुला तुझ्या तारणाची खात्री आहे का?"

"मला उद्या नळाला पाणी येईल याची खात्री नाही," तू म्हणालीस, "आणि म्हणे तारणाची."

"चेष्टा करू नकोस. खात्री नसेल तर पेला घ्यायचा नसतो. तो आपल्यावरच उलटतो."

तुझे हात कणकेतच थांबले. "असं म्हणाले ते?"

"शास्त्रातच आहे," मी म्हटलं.

नव्हतं गं आई. स्वतःला तपासून मग घ्यावा, एवढंच तिथे आहे. खात्रीचा शब्द मी माझ्या पदरचा घातला. तुला अक्षरओळख जेमतेम, रोज संध्याकाळी शास्त्र मीच वाचून दाखवायचे, त्यामुळे मी म्हणेन ते तुझ्यासाठी शास्त्र. पुढच्या महिन्यात तबक आपल्या बाकापाशी आलं. तू ते दोन्ही हातांनी धरलंस, पेला न उचलता माझ्याकडे दिलंस, आणि मान खाली घातलीस. मला तेव्हा काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. आईने आपलं ऐकलं म्हणून. जीभ झडायला हवी होती माझी.

त्यानंतर तू कधीच पेला उचलला नाहीस. सगळ्या मंडळीचा रस तू करायचीस आणि तबक तुझ्यापुढून जायचं. मी शिक्षिका झाले, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला लागले. एकदा उपासना संपल्यावर छत्री विसरली म्हणून मागच्या खोलीत आले. तू मोरीपाशी उभी होतीस, पाठमोरी. डोक्यावर पदर घेतलेला. तबकात परत आलेला एक भरलेला पेला तुझ्या दोन्ही हातांत होता. तो तू सावकाश प्यायलीस आणि पदराने तोंड पुसलंस. मी खोकले. "काही उरलंय का? पेरूला ओतून येते," मी म्हटलं. तू न वळता म्हणालीस, "नाही. सगळे रिकामे आले." आणि मी काय केलं? "बरं" म्हटलं आणि छत्री उचलून चालायला लागले.

तोवर मी शास्त्र नीट वाचलेलं होतं. तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, आई, चूक माझी आहे, चल, पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसून घे. पण चारचौघांत मी खात्रीवाली बाई झाले होते ना! पुढे ससूनच्या कॉटवर तू माझं मनगट धरून विचारलंस, "बाई गं, तिकडे मला आत घेतील ना?" मी म्हटलं, "घेतील ना, उगाच काय विचारत बसतेस." आणि उशी सारखी केली. तू बराच वेळ माझ्याकडे बघत होतीस. तुला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी थर्मास भरायला उठून गेले.

तशी उत्तरं मला येतात हं. खात्री आपल्या मनाची नसते, ज्याने शब्द दिला त्याच्या शब्दाची असते. तीस वर्षं मी हेच शिकवलं, पोरांकडून घोकून घेतलं. मग मला एवढी धाकधूक का? आणि तू तरी का ऐकलंस माझं? सोळा वर्षांच्या दीडशहाण्या पोरीचं? एक थोबाडीत द्यायची होतीस! एरवी पळीने हात उडवायचीस, मग त्या दिवशीच तेवढी गप्प कशी राहिलीस? चिडचिड होते नुसती. टाळ्या घेऊन उभी राहिलेली मी आणि मोरीपाशी उभी तू, यांतल्या कुणाचा विश्वास होता, हे मला आता कुणाला विचारायचीही सोय नाही.

हा कागद तुझ्या कबरीवर ठेवावा असं मनात होतं, पण तिथला माळी झाडून टाकेल. राहू दे माझ्याच पिशवीत. फक्त एक सांगायचं राहिलं. काल पहिला रविवार होता. तबक माझ्यापुढे आलं आणि माझा हातच उचलेना. मी ते सुनेकडे सरकवलं. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत गेले. आता तिथे स्टीलचं सिंक आहे आणि रस खोक्यातून येतो. तबकात एकच पेला भरलेला होता. पाळकांची बायको बाहेर पाण्याच्या बाटल्या भरत होती. मी डोक्यावर पदर घेतला आणि उभ्या उभ्या प्यायले. गोडमिट्ट होता, तुझ्या हाताची सर नाही त्याला. तेवढ्यात ती आत आली. "आजी, काही उरलंय का? झाडाला ओतून येते."

"नाही गं," मी तोंड पुसत म्हटलं, "सगळे रिकामे आले."