सहा महिन्यांचं मीठ

मु. नाकाडोंगरी, ता. तुमसर
सोमवार, सकाळचे नऊ

श्री. रा. रा. कृष्णराव इवाईबुवा, मु. मोहाडी, यांस नंदलालचा दोन्ही हात जोडून रामराम.

सगळ्यात आधी, तुमची लेक, आमची सून करुणा कुशल आहे. (ही ओळ दोनदा वाचावी आणि इहीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवावी, कारण पुढच्या मजकुरात काही ठिकाणी श्वास अडकण्याचा संभव आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला खुर्चीवरून उठताना त्यातून जो आवाज निघाला, तो खाणीत आला असता तर मी माणसं बाहेर काढली असती. इहीणबाईंचं बीपी, मागावरची साडी, शेजारच्यांशी चाललेली बांधाची भानगड, सगळं ठीक असेल अशी आशा. पत्र पोस्टाने न टाकता कमलेशच्या हाती देतो आहे. तो आमच्या शेजारच्या भैयाजींचा जावई, दर सोमवारी छोटा हत्ती टेम्पो घेऊन मोहाडीला जातो. फोन करू शकलो असतो, पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की घरातलं झाडून सगळं माणूस हातातलं काम टाकून ऐकायला बसतं.

गुरुवारी करुणाला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला येता, असा तुमचा निरोप मिळाला. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत मला ठाऊक आहे. तुम्ही यापूर्वी दोनदा आलात आणि दोन्ही वेळा मी चहा पाजून तुम्हाला रिकामं परत पाठवलं, हेही मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला आता अठरा दिवस उरले. तरी मी 'नाही' का म्हणतो, ते एकदा कागदावर यावं म्हणून हा खटाटोप.

तुम्हाला माहीतच आहे, मी चिखल्याच्या खाणीत एकतीस वर्षं भुयारात काढली, त्यातली बारा मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, म्हणून. भुयारात माणूस उतरतो तेव्हा त्याचा बिल्ला वर खिळ्याला लागतो, आणि शेवटचा बिल्ला निघेपर्यंत मेट घरी जात नाही. ही सवय पेन्शनीबरोबर सुटत नाही. जून महिन्यात तुमच्या जावयाने, आमच्या नीलेशने, नागपूरहून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरागोमटा मनुष्य सांगत होता की संकटाचा काही भरवसा नाही, प्रत्येक घराने बहात्तर तास पुरेल एवढं सामान भरून ठेवावं. आता बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. तीन दिवस तर आमच्याकडे नुसती लाइट जाते, त्याला कोणी संकट म्हणत नाही. मी हिशेबाने सहा महिने धरले.

त्याच दुपारी चंद्रकुमारच्या दुकानातून मी मिठाच्या साठ पुड्या, काडेपेट्यांची दोन खोकी आणि मेणबत्त्या होत्या नव्हत्या तेवढ्या उचलल्या. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. गावात मला अजून खाणीतला माणूस म्हणून ओळखतात, धोक्याचा वास याला आधी येतो असं मानतात. मी पोतं खांद्यावर टाकून निघालो आणि पाठीमागे पारावर कुजबुज सुरू झाली, "नंदलालजी मीठ नेऊन राहिले, म्हंजे काहीतरी हाय." दिवस मावळेपर्यंत दुकानात मीठ उरलं नाही, साखर उरली नाही, तेल उरलं नाही. एकाने तर दुसरं काहीच मिळेना म्हणून डोकेदुखीचा बाम नेला. सात वाजता चंद्रकुमार स्वतः धापा टाकत आमच्या दारात आला आणि म्हणाला, "भाऊ, गावात मीठ संपलं, आता कसं होईन?" खरं सांगतो, मला थोडा आनंदही झाला. मी म्हणत होतो तसंच झालं! दुसऱ्या दिवशी तुमसरला जाऊन मी आणखी चाळीस पुड्या आणल्या. रुखमिणी (म्हणजे आमची मंडळी) ढीग पाहून एवढंच म्हणाली, "एवढ्या मिठात तं तुमालेसुद्धा खारवून ठेवता येते."

तुटवडा मीच आणला, हे मला आठ दिवसांनी कळलं. तोवर भैयाजी दोन पुड्या मागायला येऊन गेले होते आणि मी त्यांना सांगितलं होतं की साठा फोडता येत नाही. ते रिकाम्या हाताने परत गेले.

पुढची व्यवस्था अशी. दाराच्या चौकटीला चार खिळे आणि चार बिल्ले. जो बाहेर जाईल त्याने आपला बिल्ला लावून जायचं. (रुखमिणीने आपला बिल्ला म्हशीच्या गळ्यात बांधला आहे. म्हणते, दिवसभर माझ्यापेक्षा तीच आत-बाहेर करते.) शिटी वाजली की हातातलं टाकून सगळ्यांनी अंगणात. याची तालीम मी तीनदा घेतली, आणि तीनही वेळा करुणा पहिली आली, याचा मला अभिमान वाटला. तांदूळ साठवायच्या मातीच्या ढोलीच्या तळाशी मी स्टीलचा डबा ठेवला, त्यात महत्त्वाचे सगळे कागद, वर सात पोती तांदूळ, आणि तोंड शेणामातीने लिंपून बंद. पूर येवो, चोर येवो, कागद सुरक्षित. शिवाय खाणीतला नियम, आधी जुना माल संपवायचा. म्हणून पंधरा दिवस घरात मागच्या वर्षीचे फुटाणे आणि लाखोळीच्या डाळीचे वडे सुरू होते.

आता काल, म्हणजे रविवारी. सकाळपासून पाऊस लागला होता आणि बाराच्या सुमारास तुमसरच्या वाटेवर नाल्यावरचा सखल रपटा पाण्याखाली गेला. लाइट गेली. अडीच वाजता करुणा स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली. चेहरा पांढरा. म्हणाली, "मामाजी, पोटात लयच दुखून राहिलं."

इवाईबुवा, एकतीस वर्षांत मी कधी गोंधळलो नाही. काल गोंधळलो. आणि हाताला जी गोष्ट पाठ होती ती त्याने केली. मी शिटी वाजवली. शिटी वाजताच तुमची लेक, शिकवल्याप्रमाणे, पोट धरून, अनवाणी, सगळ्यांच्या आधी भर पावसात अंगणात जाऊन उभी राहिली. माझी म्हातारी आई तिच्यामागे, रुखमिणी आईमागे, आणि मी दारात उभा राहून बिल्ले मोजतो आहे, एक कमी, एक कमी. तो म्हशीच्या गळ्यात होता. रुखमिणीने मला जे शब्द वापरले ते लिहीत नाही. तिने पोरीला आत आणलं, डोकं पुसलं आणि आशाताईला हाक मारली.

गावचं आरोग्याचं काम पाहणारी आशाताई शालू छत्री न घेताच धावत आली. तिने फोनवर अँब्युलन्स बोलावली. ते म्हणाले, रपट्यापर्यंत येतो, पुढे पाणी उतरल्याशिवाय नाही. मग शालूने करुणाचं कार्ड आणि फाइल मागितली, कारण दवाखान्याचे डॉक्टर फोनवर थांबले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढोलीकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "आज रविवार आहे." (लिंपलेल्या ढोलीला आमच्या घरी रविवारी हात लावत नाहीत, आजीच्या काळापासूनची रीत.) रुखमिणीने कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली. "पोर का सोमवारपर्यंत थांबते?" म्हणाली आणि ढोलीच्या बुडात घातली. सात पोती तांदूळ भसाभसा घरभर झाला. पिंढऱ्यांपर्यंत तांदळात उभं राहून मी आणि शालू डबा शोधत होतो, आणि पलीकडच्या खोलीतून करुणाचं कण्हणं ऐकू येत होतं.

डबा घेऊन बाहेर आलो तर अंगणात ट्रॅक्टर सुरू होता. ट्रॉलीत गादी, वर ताडपत्री, आणि स्टिअरिंगवर भैयाजी. बोलावलं कोणी नव्हतं. शिटी ऐकून आले होते. म्हणाले, "रपट्याले पाणी कमी झालं का लगेच काढू. मी इथंच हाओ." ज्याला मी दोन पुड्या मीठ दिलं नाही तो माणूस पावसात भिजत इंजिन बंद न करता बसला होता. मला फार लाज वाटली, कृष्णराव. ती अजून गेलेली नाही.

तासाभराने शालू बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "बाबूजी, कळा नोहोत ह्या. ग्यास हाय. पोरीले वडे चारनं बंद करा." पाच वाजता रपटा उघडला. करुणाने दहीभात खाल्ला आणि झोपली. आज सकाळी मी मिठाच्या चाळीस पुड्या भैयाजींकडे आणि उरलेल्या दुकानात नेऊन दिल्या.

तर एकंदरीत व्यवस्था चोख आहे, दोष फक्त वड्यांचा होता. सबब गुरुवारी येण्याची तसदी घेऊ नये. इहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
नंदलाल

ता. क. : वरचा कागद कमलेश वाटेत वाचणार आणि परत आल्यावर गावाला सांगणार, म्हणून तो तसा लिहिला आहे. हा कागद पाकिटाच्या आत डिंकाने चिकटवला आहे. गुरुवारची वाट पाहू नका. उद्याच या, सकाळी, पाणी उतरलेलं असताना. मी तिला थांबवलं ही माझी चूक झाली. घरात सगळं भरून ठेवता येतं, पण रस्ता भरून ठेवता येत नाही. कालपासून मी तीनदा रपटा पाहून आलो.

ता. क. २ : रुखमिणी पहिल्यापासून तिला पाठवा म्हणत होती. हे तिला कळवू नये, तिला आधीच माहीत आहे.

ता. क. ३ : आता खरं काम. काल ती फाइल मी पहिल्यांदा उघडून वाचली. तिच्या अंगात रक्त कमी आहे आणि गट ए निगेटिव्ह आहे. डॉक्टरांनी लिहिलंय, रक्त देणारा माणूस जवळ तयार ठेवा. पोरांनी आम्हा म्हाताऱ्यांना घोर नको म्हणून सांगितलं नव्हतं. नीलेशचा गट वेगळा. तुमच्याकडे कोणाचा असेल तर कळवा. माझा खाणीच्या कार्डावर एकतीस वर्षं लिहिलेला होता, तोही ए निगेटिव्हच आहे. सुनेच्या माहेरी सासऱ्याने बाळंतपणाला जाऊन राहणं कुठल्याच रीतीत बसत नाही, लोक हसतील, तुम्हालाही अवघड होईल. तरी उद्या गाडीत माझ्यासाठी जागा ठेवा आणि अठरा दिवस मागाच्या खोलीत चटईपुरती जागा द्या. एवढा साठा केला, पण तिच्या कामाची या घरात एकच वस्तू निघाली, ती म्हणजे मी. ती तरी तिच्याजवळ असू द्या.